तुलसी तीच, घर तेच, मग खरा मिहीर कोणता? पुन्हा सुरू झालेल्या मालिकेतली माणसं कशी ओळखायची

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजीच्या खोलीत टीव्हीशेजारी एक जुनं कॅलेंडर उलटं टांगलेलं आहे. त्याच्या कोऱ्या पाठीवर मी तिला विराणी कुटुंबाची वंशावळ काढून दिली आहे. पात्रांची नावं पेनाने आणि ती करणाऱ्या कलाकारांची नावं खाली पेन्सिलने. हे करावं लागलं, कारण 29 जुलै 2025ला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही तुलसी आणि तिचा नवरा मिहीर यांच्या विराणी घराची मालिका स्टार प्लसवर पुन्हा सुरू झाली, तीही जुन्याच वेळेला, रात्री साडेदहाला. पहिल्याच आठवड्यात आजीने विचारलं, ‘‘याले काऊन बदलवला? मिहीर तर तो रोनित होता ना?’’ आत्या म्हणाली, ‘‘आई, हाच तर पहिला मिहीर होय. रोनित मागून आला.’’ आणि दहावीतल्या भाचीला दोघींचं बोलणंच कळेना. तिच्या लेखी मिहीर म्हणजे आज पडद्यावर दिसतो तो, बस.

एका खोलीत तीन पिढ्या, आणि तिघींचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर. असा गोंधळ आमच्याकडेच झालेला नाही. बर्डीवरच्या दुकानात, सक्करदऱ्याच्या भाजीबाजारात, कॉलनीच्या हळदीकुंकवात हाच विषय ऐकला आहे. रोज चालणाऱ्या मालिकेत पात्र म्हणजे नेमकं काय असतं, हे एकदा समजलं की हा गुंता बराच सुटतो.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

जुनी मालिका ‘परत आली’ असं आपण तीन निरनिराळ्या प्रसंगी म्हणतो.

पहिला प्रसंग पुनःप्रक्षेपणाचा. जुनेच भाग जसेच्या तसे पुन्हा दाखवायचे. 2020च्या टाळेबंदीत 28 मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, ते हे. त्यात नवं काहीच चित्रित झालं नव्हतं.

दुसरा प्रसंग रिव्हायवलचा. बंद पडलेली गोष्ट तिथून पुढे, शक्य तितक्या त्याच माणसांना घेऊन चालवायची. आपण त्याला पुनरुज्जीवन म्हणू. अमेरिकेत याचं गाजलेलं उदाहरण ‘डॅलस’. टेक्सासमधल्या तेलसम्राट युइंग घराण्याची ही गोष्ट 1978 ते 1991 चालली आणि 2012मध्ये दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा उभी राहिली. जे. आर., त्याचा भाऊ बॉबी आणि स्यू एलन ही तिन्ही पात्रं त्याच कलाकारांनी केली, फक्त आता भांडणं त्यांच्या मुलांची होती.

तिसरा रिबूट. नावं जुनी, पण गोष्ट पहिल्यापासून नव्याने आणि सगळे कलाकार नवे. ‘डायनॅस्टी’ ही 1981 ते 1989 चाललेली मालिका 2017मध्ये अशीच नव्याने सुरू झाली आणि 2022पर्यंत चालली. जुन्या मालिकेतली सॅमी जो ही तरुणी नव्या मालिकेत पुरुष झाली, इतका बदल.

आपल्या संत्र्याच्या भाषेत हे लवकर कळतं. काटोल-नरखेडकडचा शेतकरी जुनी, थकलेली बाग सरसकट तोडत नाही. तो सल काढतो, म्हणजे वाळलेल्या फांद्या छाटतो, खोड राखतो, आणि त्याच खोडावर नवी फूट घेतो. शेतीखात्याच्या भाषेतही त्याला बागेचं पुनरुज्जीवनच म्हणतात. रिबूट म्हणजे नागपुरी संत्र्याचं रोप राजस्थानातल्या झालावाडला नेऊन लावणं. जात तीच, पण माती, पाणी, झाड सगळं नवं.

‘क्योंकि’ हे पुनरुज्जीवन आहे. खोड तेच आहे, म्हणजे एकता कपूर यांची निर्मिती, शांतिनिकेतन हे घर, तुलसीच्या भूमिकेत स्मृती इराणी आणि मिहीरच्या भूमिकेत अमर उपाध्याय. सल कोणती काढली, ते पुढे येईलच.

पात्र म्हणजे चेहरा नव्हे, नातं

सिनेमात पात्र आणि कलाकार एकमेकांना चिकटलेले असतात. तीन तासांची गोष्ट, एकदा चित्रित झाली की संपली. रोजच्या मालिकेचं तसं नाही. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटं गोष्ट असते, आणि ती आठवड्याचे पाच-सहा-सात दिवस, वर्षानुवर्षं पुरवावी लागते. जुनी ‘क्योंकि’ 3 जुलै 2000ला सुरू झाली आणि 6 नोव्हेंबर 2008ला थांबली. तेवढ्या काळात 1800च्या वर भाग झाले. आपल्या मराठीत ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 अशी अकरा वर्षं चालली. इतक्या काळात खऱ्या घरातही बाळंतपणं होतात, माणसं जातात, नोकरीसाठी गाव सोडतात. कलाकारांचंही तेच होतं.

म्हणून लेखक मंडळी गोष्ट बांधतात ती माणसांवर नाही, जागांवर. घरातली सर्वांत मोठी बाई. तिची सून. सुनेवर राग धरून असलेली. परत आलेली जुनी ओळख. बाहेरून आलेली गरीब घरची मुलगी. या जागा ठरलेल्या असतात. त्यांच्यातले ताण ठरलेले असतात. कोण कुणाशी कसं वागेल, हे त्या जागेवरून ठरतं. त्या जागेवर बसणारा चेहरा बदलला तरी उद्याचा भाग लिहिता येतो.

हे आपल्याला नवीन वाटू नये. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत निघते. पुतळे दरवर्षी नव्याने घडवतात, मिरवणूक संपली की जाळतात. पुढच्या वर्षी गर्दीतलं कुणी म्हणत नाही की ही गेल्या वर्षीची नाही. बांबू, कागद, रंग सगळं नवं, तरी मारबत तीच. कारण लोक तिला ओळखतात ते तिच्या कामावरून. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हे ती काल जशी करत होती तशीच आज करते.

तीन मिहीर, तीन मंदिरा, दोन तुलसी

चेहरा बदलण्याला मालिकावाले रीकास्ट म्हणतात. आपण सरळ चेहराबदल म्हणू. जुन्या ‘क्योंकि’त तो किती झाला ते पाहा.

मिहीर आधी अमर उपाध्याय होते. त्यांच्या काळात मिहीरचा मृत्यू दाखवला आणि प्रेक्षकांनी असा काही आकांत केला की मिहीरला परत आणावं लागलं. आमच्या आत्याला आजही आठवतं, त्या दिवशी शेजारच्या काकूंनी रात्रीचं जेवण घेतलं नव्हतं. पुढे अमर उपाध्याय यांनी मालिका सोडली. त्यांच्यानंतर काही काळ इंदर कुमार आले आणि त्यानंतर रोनित रॉय, जे शेवटपर्यंत राहिले. म्हणजे सर्वांत जास्त काळ मिहीर कोण होता, तर रोनित रॉय. आजीचा प्रश्न तिथून येतो आणि तो अगदी रास्त आहे.

डॉक्टर मंदिरा, मिहीरच्या आयुष्यात आलेली दुसरी बाई, आधी स्मिता बन्सल यांनी केली, मग मंदिरा बेदी यांनी, मग अचिंत कौर यांनी. तुलसी म्हटलं की स्मृती इराणींखेरीज दुसरं नाव सुचत नाही, पण 2007मध्ये त्या बाहेर पडल्या तेव्हा काही काळ गौतमी कपूर तुलसी होत्या. शेवटाकडे स्मृती इराणी परतल्या.

उलटंही झालं. आकाशदीप सैगल यांनी आधी अंश केला. तुलसीचा तो वाया गेलेला मुलगा, ज्याला तिने स्वतःच्या हाताने गोळी घातली. पुढे त्याच आकाशदीप सैगल यांनी अंशचा मुलगा एकलव्य केला. इथे चेहरा तोच आणि माणूस वेगळा. पण यातही एक शहाणपण होतं. ज्याला आपण मारलं त्याचाच चेहरा घेऊन नातू दारात उभा राहिला, की तुलसीच्या मनात काय उठेल हे सांगायला संवाद लागत नाही. प्रेक्षकाला तो चेहरा आठवतो, तेवढं पुरतं. चेहरा हे लेखकाच्या हातातलं एक साधन आहे, ते असं.

कायद्याने तुलसी कुणाची?

हा प्रश्न भाचीने विचारला, आणि चांगला विचारला. भारतातल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क आहेत. ते 1994च्या दुरुस्तीने आले आणि 2012च्या दुरुस्तीने वाढले. पण सादरीकरण वेगळं आणि पात्र वेगळं. स्मृती इराणींनी अमुक भागात केलेला अभिनय त्यांचा. ‘तुलसी विराणी’ ही लिहिलेली बाई, तिचं घर, तिची गोष्ट ही करारानुसार निर्मात्याची किंवा वाहिनीची. म्हणूनच दुसऱ्या कलाकाराला तुलसी देता येते, आणि म्हणूनच तुलसी करणारीला दुसऱ्या वाहिनीवर तीच तुलसी म्हणून जाता येत नाही.

मग कुणालाही बदललं तर चालतं?

नाही. आणि गोष्ट खरी इथे आहे.

डॅलसमध्ये युइंग घराची आई, मिस एली, हे पात्र बार्बरा बेल गेडिस करत. 1984मध्ये त्या बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या जागी डॉना रीड आल्या. त्या साध्यासुध्या नटी नव्हत्या, ऑस्कर मिळालेल्या होत्या. तरी प्रेक्षकांनी त्यांना आई मानलं नाही. एका हंगामात त्यांना काढलं, जुनी आई परत आली, आणि डॉना रीड यांनी निर्मात्यांवर दावा लावला. घरातले बाप, जॉक युइंग, ते करणारे जिम डेव्हिस 1981मध्ये वारले, तेव्हा मात्र जॉकच्या जागी दुसरा नट आणला नाही. जॉकलाच गोष्टीत मृत्यू आला आणि त्याचं मोठं चित्र भिंतीवर राहिलं.

2012चं पुनरुज्जीवन चालू असताना जे. आर. करणारे लॅरी हॅगमन 23 नोव्हेंबर 2012ला वारले. दुसऱ्या हंगामाचं काम तेव्हा सुरू होतं. कुणीही त्यांच्या जागी दुसरा जे. आर. उभा करण्याचा विचारही केला नसता. गोष्ट वळवली, जे. आर.चा खून झाला आणि त्याची अंत्ययात्रा 2013च्या मार्चमध्ये दाखवली.

आपल्याकडे बा. विराणी घराच्या आजी, सुधा शिवपुरी यांनी केलेल्या. त्या 2015मध्ये गेल्या. नव्या मालिकेत बांच्या जागी दुसरं कुणी आणलेलं नाही. आणलं असतं तर आमच्या आजीने त्याच रात्री टीव्ही बंद केला असता, हे मी खात्रीने सांगतो.

फरक कशाने पडतो? माझ्या मते यात एक साधी कसोटी आहे. ज्या पात्राच्या आठवणीवर बाकीच्यांचं वागणं उभं असतं, त्याचा चेहरा बदलत नाही. संत्र्याच्या कलमात खालचा खुंट जंबेरीचा असतो, वर डोळा नागपुरी संत्र्याचा भरतात. डोळा सुकला तर त्याच खुंटावर दुसरा भरता येतो. खुंट मात्र बदलता येत नाही. तो बदलायचा तर झाडच नवं लावावं लागतं. मंदिरा हा डोळा होता, म्हणून तीन वेळा भरता आला. बा हा खुंट होता.

मिहीर मधला आहे. म्हणून त्याच्यावरून एवढा वाद होतो.

रोनित रॉय सोडून अमर उपाध्याय का?

आजीचा मूळ प्रश्न. निर्मात्यांच्या मनात काय होतं ते तेच जाणोत, पण पडद्यावर जे दिसतं त्यावरून मला उत्तर असं दिसतं.

पुनरुज्जीवित मालिकेला सर्वांत मोठा आधार जुन्या प्रेक्षकाच्या आठवणीचा असतो. पण आठवण सलग नसते. आठ वर्षांच्या 1800 भागांतले किती कुणाला आठवतात? लोकांना सुरुवात आठवते. पुजाऱ्याची मुलगी मोठ्या घरात आली, पायलशी ठरलेलं लग्न मोडून मिहीरने तिच्याशी लग्न केलं, सासू सविता तिला स्वीकारेना, आणि मग मिहीर गेल्याची ती रात्र. या सगळ्या आठवणींत मिहीरचा चेहरा अमर उपाध्याय यांचा आहे. नव्या मालिकेची सुरुवातच तुलसी-मिहीरच्या लग्नाच्या 38व्या वाढदिवसाने झाली. लग्नाचा वाढदिवस साजरा करायचा तर लग्नात होता तो नवरा हवा.

रोनित रॉय यांनी त्या भूमिकेला जो भारदस्तपणा दिला, त्याला यामुळे काही उणेपण येत नाही. आजीला मी एवढंच सांगितलं की त्यांनी घर मधली वर्षं चालवलं. तिला ते पटलं. खऱ्या घरातही असा एखादा काका असतो.

वयाचा हिशोब जुळत नाही, तो का?

कागद-पेन्सिल घेऊन बसा. 2000मध्ये तुलसी नवी नवरी. 2025मध्ये लग्नाला 38 वर्षं. म्हणजे लग्न 1987चं. तेरा वर्षं कुठून आली?

यासाठी ‘लीप’ हा एकच शब्द समजून घ्यावा लागतो. लीप म्हणजे काळाची उडी. आज भाग संपतो तेव्हा मूल पाळण्यात असतं, उद्या ‘वीस वर्षांनंतर’ अशी पाटी येते आणि तेच मूल लग्नाला आलेलं असतं. जुन्या ‘क्योंकि’त अशा उड्या एकाहून जास्त वेळा झाल्या. त्यामुळे 2008मध्ये मालिका संपताना तुलसी नातवंडांच्या पुढच्या पिढीपर्यंत पोचली होती.

आता स्मृती इराणींचं वय पाहा. त्यांचा जन्म 1976चा. मालिका सुरू झाली तेव्हा त्या 24 वर्षांच्या होत्या आणि संपली तेव्हा 32च्या. तिशीतली बाई केस पांढरे करून पणजीबाईंच्या वयाची झाली होती. नव्या मालिकेत त्या 49व्या वर्षी आल्या आणि लग्नाला 38 वर्षं झालेली, म्हणजे साठीच्या अलीकडची तुलसी करू लागल्या. पात्राचं वय आणि कलाकाराचं वय यांत इतकं कमी अंतर शेवटच्या वर्षांत कधीच नव्हतं.

म्हणजे सतरा वर्षांच्या खंडानंतर गोष्ट पुढे सरकली असं आपण समजतो, खरं तर तिचं घड्याळ थोडं मागे फिरवलं आहे. जुन्या मालिकेच्या शेवटच्या उड्यांमधला गोतावळा बाजूला ठेवला. मी वर सल काढण्याबद्दल बोललो, ती ही. कोरड्या फांद्या छाटल्या नसत्या तर तुलसी आज शंभरीला टेकली असती आणि नव्या पिढीला तिच्याशी बोलायला विषय उरला नसता. ज्यांना हिशोब लागत नाही म्हणून राग येतो, त्यांचा राग मला समजतो. आठ वर्षं मन लावून पाहिलेलं काही ‘झालंच नाही’ असं वागवलं जातं, तेव्हा फसल्यासारखं वाटतं. पण दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

नवी माणसं, जुन्या जागा

नव्यांची ओळख करून घेताना आधी कलाकाराचं नाव पाठ करू नका, जागा शोधा.

जुन्यांपैकी करण आणि नंदिनी, म्हणजे हितेन तेजवानी आणि गौरी प्रधान, तेच आहेत. करण हा मिहीर आणि मंदिराचा मुलगा, पण त्याला आईपण दिलं ते तुलसीने. दक्षा काकी केतकी दवेच आहेत आणि गायत्री काकी कमलिका गुहा ठाकुरता. या दोघी मिहीरच्या काकू, म्हणजे तुलसीच्या चुलतसासवा. सविता नसलेल्या घरात सुनेला टोचणारा आवाज कुणाचा, हे गायत्रीकडे पाहिलं की कळतं.

तुलसीची तरुण मुलं म्हणजे अंगद, ऋतिक आणि परी. ते करतात रोहित सुचांती, अमन गांधी आणि शगुन शर्मा. ही नवी फूट.

आता दोन बायका. एक नॉयना, बरखा बिष्ट यांनी केलेली, मिहीरची मैत्रीण. दुसरी वृंदा, तनिषा मेहता यांची.

नॉयना कोणत्या जागेवर आहे? मंदिराच्या. गुन्हा तसाच नाही, स्वभाव तसा नाही, पण तुलसी आणि मिहीरच्या मधली ती जागा पंचवीस वर्षांपूर्वी जिथे होती तिथेच आहे. म्हणून तिला पाहताना जुन्या प्रेक्षकाच्या पोटात आधीच गोळा येतो. नव्या प्रेक्षकाला तो यायला दोन महिने लागतात.

आणि वृंदा? आपल्या अंगणात जिथे तुळस असते त्याला आपण वृंदावन म्हणतो. वृंदा हे तुळशीचंच नाव. कार्तिकात तुळशीचं लग्न लावणाऱ्या आपल्या घरांत हे कुणाला फोडून सांगायला नको होतं, पण आमच्याकडे हे पहिल्यांदा ओळखलं आजीने. ती म्हणाली, ‘‘हे दुसरी तुलसी होय पाहा. नावच तर सांगून राहिलं.’’ अंगदशी तिचं नातं जुळण्याच्या कितीतरी आधी आजीने कॅलेंडरवर तिला अंगदच्या शेजारी लिहायला लावलं होतं. लेखकांनी नावात ठेवलेली खूण तिने घेतली.

याच पद्धतीने 2025च्या ऑक्टोबरमध्ये ‘कहानी घर घर की’मधली पार्वती आणि ओम, म्हणजे साक्षी तन्वर आणि किरण करमरकर, पाहुणे म्हणून तुलसीच्या गोष्टीत आले. त्यांना कथेत फारसं काम नसलं तरी चालतं. दुसऱ्या घरातली माणसं भेटायला येतात, तेव्हा आपलं घर अजून आहे असं वाटतं.

नवं सुचत नाही म्हणून जुनं काढतात का?

हा आक्षेप बहुतेक पुरुष घेतात आणि तो अर्धा खरा आहे.

वाहिनीचं पोट जाहिरातीवर असतं आणि जाहिरातीचा दर टीआरपीवर. टीआरपी म्हणजे किती घरांत किती वेळ कार्यक्रम पाहिला गेला याचा अंदाज. बार्क ही संस्था देशभरातल्या निवडक घरांत मोजणीचं यंत्र बसवते. ही घरं गुप्त ठेवतात. भाताचं एक शीत दाबून सगळा भात शिजला का ते पाहावं, तसा त्या घरांवरून सगळ्या देशाचा अंदाज बांधतात. आकडे दर आठवड्याला येतात.

नव्या मालिकेचे पहिले दोन-तीन महिने ओळख करून देण्यात जातात. हे घर कुणाचं, ही कोण, हा हिचा कोण. तेवढ्यात आकडे पडले तर मालिका बंद. पुनरुज्जीवित मालिकेला ही ओळख फुकट मिळते. दार उघडणारी तुलसी दिसली की काम झालं. म्हणजे धंद्याचं गणित आहेच.

पण अर्धंच खरं अशासाठी, की ओळख फुकट मिळाली तरी ती काही आठवडेच पुरते. लोक पहिला भाग आठवणीसाठी पाहतात. पन्नासावा पाहतात तो उद्या काय होईल म्हणून. डॅलसचं पुनरुज्जीवन तीन हंगामांत, 2014मध्ये बंद पडलं. जुनं नाव होतं, जुने चेहरे होते, तरी पडलं. मृग बहार घ्यायचा तर शेतकरी उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, मग पाऊस पडला की फुलं येतात. सतरा वर्षांच्या ताणाने ‘क्योंकि’ला पहिला बहार दिला. तो टिकवायला रोज पाणी घालावं लागतं, आणि ते पाणी म्हणजे लेखन.

या मालिकांनी बायकांना मागे नेलं, त्या परत कशाला?

हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण मी तो स्वतः वर्षानुवर्षं घेत आलो आहे. भरजरी साड्या, रात्री झोपतानाही दागिने, घराबाहेर न पडणारी नायिका, आणि सगळ्या संकटांचं मूळ दुसरी बाईच. 2000 ते 2008च्या मालिकांनी हे रुजवलं, आणि त्यांची नक्कल करत मराठी मालिकांनीही. हे मी मागे घेत नाही.

पण आजीच्या खोलीत बसून मालिका पाहिल्यावर एक गोष्ट मला दिसली, जी मी आधी पाहिली नव्हती. आजीच्या लग्नानंतर चाळीस वर्षं तिला कुणी विचारलं नाही की घरात काय व्हावं. लोडशेडिंगच्या दिवसांत ती साडेदहाला लाइट येतात का याची वाट बघत बसायची, ते साड्या पाहायला नाही. त्या पडद्यावर एक सून होती जिचं म्हणणं तिच्या सासऱ्यांना, नवऱ्याला, शेवटी मुलालाही ऐकावं लागत होतं. मुलगा चुकला तर ती त्याच्याविरुद्ध उभी राहत होती. अंशवर बंदूक रोखणारी तुलसी आजीला अतिरेकी वाटली नाही. तिला ती न्यायाची वाटली. आमच्या घरातल्या एका जुन्या अन्यायाबद्दल ती पहिल्यांदा बोलली ते त्या भागानंतर दोन दिवसांनी.

नव्या मालिकेत सामाजिक विषय जाणीवपूर्वक आणले जातात. ऑक्टोबर 2025मध्ये बिल गेट्स व्हिडिओ कॉलवर तुलसीशी आई आणि नवजात बाळाच्या आरोग्याबद्दल बोलले. अशा प्रसंगांचा उपयोग होतो, नाही असं नाही. तरी मी मालिकेला मोजीन ते वेगळ्या मापाने. स्मृती इराणी मधल्या वर्षांत केंद्रात मंत्री होत्या, 2019मध्ये अमेठीतून निवडून आल्या, 2024मध्ये हरल्या. एवढं जग पाहिलेली बाई आज तुलसी करते आहे. त्या तुलसीला घरात निर्णय घेता येतो की फक्त सहन करता येतं? वृंदेला ती सासू म्हणून काय देते, जे सविताने तिला दिलं नव्हतं? मालिकेचं नावच हे आहे, की सासूही कधीतरी सून होती. ते नाव खरं करून दाखवायची संधी पहिल्या वेळी अर्धी वाया गेली होती. ती या वेळी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जुनं काहीच पाहिलं नसेल तर?

तरीही पाहता येतं. भाची पाहतेच आहे. तिला मी एवढंच सांगितलं होतं. तुलसी गरिबाघरून आली आणि तिने हे घर मिळवलं, तिला मिळालं नव्हतं. मिहीरचं मन एकदा दुसरीकडे गेलं होतं, आणि करण त्यातूनच आला. तुलसीने स्वतःचा मुलगा स्वतःच्या हाताने मारला आहे, तेव्हा मुलांच्या चुकांवर ती गप्प बसली तर त्या गप्प बसण्याला वजन आहे. बा या घराच्या मुळाशी होत्या. आणि मिहीर एकदा मेला होता.

शेवटचं ऐकून ती म्हणाली, ‘‘म्हणजे परत मरू शकतो?’’ आजी पलंगावरून म्हणाली, ‘‘मरू शकते, बदलू बी शकते. मिहीरच्या खाली पेन्सिलनेच राहू दे बाप्पा.’’ मग थोडं थांबून तिने मला कॅलेंडर काढायला लावलं, आणि तुलसीच्या खालचं स्मृती इराणींचं नाव पेनाने गिरवून घेतलं.